रबराच्या चार पट्ट्या

लोधिवली
१२ सप्टेंबर १९८९

हिरा,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे. नको असला तरी घे, तो परत करायची सोय नाही.

तुझा पत्ता मला बुधाजीकडून मिळाला. तोच, आपल्या भिवपुरीच्या क्वार्टरमधला, तुझ्या वर्गातला. सोलापुरात मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. तिथल्या एका गोदामाच्या फाटकावर हातात काठी घेऊन स्टुलावर बसलेला माणूस त्याला ओळखीचा वाटला. तू त्याला चहा पाजलास आणि घरी सांगू नकोस म्हणालास. त्यानं दुसऱ्याच दिवशी आईला सांगितलं. तुला माणसं ओळखता कधी आली नाहीत.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, जीभ शाबूत आहे. तुझी चौकशी करून झाली की रडते, आणि रडून झालं की तुला शिव्या देते. दोन्ही तिला सोसतं.

बुधाजीनं आणखी एक गोष्ट सांगितली. तो तिथं असताना फाटकात एक ट्रक बंद पडला. ड्रायव्हरनं नुसता पाना धरून ठेवायला तुला हाक मारली, तर तू दोन्ही हात खिशात घातलेस आणि म्हणालास, मला यातलं काही कळत नाही. तो हे सांगत होता तेव्हा मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपली तरी मी तशीच बसून होते.

तुझ्या दाजींचं विचारशील. विचारणार नाहीस, पण मी सांगते. डावा डोळा गेला, उजव्यानं चांगलं दिसतं, पेपर वाचतात. एवढंच की अंतर समजत नाही. चहा ओतताना कपाच्या शेजारी ओततात. पाना नटावर ठेवायला जातात आणि बोटभर अलीकडे ठेवतात. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. नंतर मीच समोर बसायला लागले. मी म्हणते "पुढं", ते पुढं करतात. मी म्हणते "बस", ते थांबतात. गाव हसलं, आता हसत नाही. हायवेवरची पाटी अजून तशीच आहे, "कोंडाजी फिटर". नवरा-बायको दोघं मिळून एक फिटर झालो आहोत एवढं पाटीवर लिहायचं राहिलं.

खोटं वाटेल, पण मारुती गाडीचा पुढचा शॉकअप मी आता अंगणात स्वतः उतरवते. गाडी नुसत्या जॅकवर सोडायची नाही, खाली लाकडी ठोकळे द्यायचे. चाक काढायचं. ब्रेकची नळी शॉकअपला अडकवलेली असते तिथून सोडवायची, ओढायची नाही. मग खालचे दोन बोल्ट आणि बॉनेट उघडून वरचे नट. वरचा मधला मोठा नट मात्र गाडीवर असताना सोडायचा नाही, त्याच्या खाली अख्खी स्प्रिंग दबून बसलेली असते. हे सगळं तुला मी सांगावं म्हणजे गंमतच आहे. शॉकअप उतरला की चिंचेखाली गोणपाटावर आडवा ठेवते. तुझ्या दाजींचे ते स्प्रिंग दाबायचे आकडे तुला आठवत असतील, फियाटसाठी केलेले. हातभर लांबीचे आट्याचे दोन गज, दोघांनाही खालीवर एकेक आकडा. ते स्प्रिंगेला समोरासमोर लावते आणि आळीपाळीनं आवळते. स्प्रिंग दबून सैल खुळखुळायला लागली की मगच मधला नट सोडायचा. आकड्यांचं रबर मी दर वेळी स्वतः बघते. तीनदा बघते.

कापणी अजून लांब आहे. पीक बरं आहे.

हिरा, यंदा भाऊबीजेला ये. तीन वर्षं मी चंद्राला ओवाळते आहे. चंद्र काही जेवायला बसत नाही.

तुझी,
इंदू


लोधिवली
२९ सप्टेंबर १९८९

हिरा,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं ते मोठ्यानं वाचत अंगणापर्यंत आणलं नाही हे नशीब. कार्डात तीनच ओळी होत्या. "बाय, मी बरा हाय. माझ्या हातनं झालं ते झालं, आता उकरू नको. दाजींना काय पण इचारू नको, माझं नाव पण काढू नको."

शाळेत मास्तरांनी तुला शुद्ध लिहायला शिकवलं होतं. घाईत किंवा मनातलं लिहिताना तू बोलतोस तसंच लिहितोस, हे मला माहीत आहे. म्हणून ही तीन वाक्यं तुझ्या मनातली आहेत असं मी समजते.

कार्ड मी डाळीच्या डब्यात ठेवलं आहे. दिवसातून दोनदा तो डबा उघडते. दोन माणसांच्या घरात एवढी डाळ लागत नाही.

"माझ्या हातनं झालं." हे वाक्य मला गिळता येत नाही. पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हा मला तुला वेगळंच काहीतरी सांगायचं होतं. चार पानं चहाच्या कपात आणि आईच्या गुडघ्यात घालवली. आकड्यांच्या रबरापर्यंत आले आणि पुढं वळून भाताच्या पिकावर गेले. तुझ्या लक्षात आलं असेल किंवा नसेल.

आज सांगणार होते. पण हे आत्ता जेवायला येतील, त्यांनी हात धुतल्याचा आवाज येतो आहे, आणि ही गोष्ट अर्धी सांगून ठेवण्यासारखी नाही. माझ्यावर एवढा विश्वास ठेव की मी पुन्हा लिहीन.

इंदू


लोधिवली
३ ऑक्टोबर १९८९

हिरा,

हे आज कापणीची मजुरं ठरवायला चौक गावाला गेले आहेत. संध्याकाळपर्यंत घरात मी एकटी आहे. आता पळवाट नाही.

त्या वर्षीची खंडेनवमी तुला आठवते का? तू तेव्हा दोन दिवस भिवपुरीला आईकडे गेला होतास, दसरा तिकडेच केलास. म्हणून तुला हे माहीत नाही. तुझ्या दाजींना हत्यारांच्या पूजेचं फार असतं. वर्षभर ग्रीसमध्ये लोळलेला पाना त्या दिवशी लखलखीत पाहिजे. सगळी हत्यारं मी मागच्या दारी काढली. रॉकेलनं पुसली, राखेनं घासली, सोड्याच्या पाण्यानं धुतली. हातोडी, छिन्न्या, बारापासून बत्तीसपर्यंतचे सगळे पाने. मग आकडे घेतले.

आकड्यांच्या तोंडांना रबराच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. चार तोंडं, चार पट्ट्या, जुन्या ट्यूबच्या, वरून तार बांधलेली. काळ्या, चिकट, तेल मुरलेल्या. त्या कशासाठी आहेत हे मला माहीत नव्हतं. मला त्या घाण वाटल्या. देवापुढे मांडायचं हत्यार असं चिंध्या गुंडाळलेलं कसं ठेवायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. तार सोडली, पट्ट्या सोलून काढल्या आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत टाकल्या. नंतर आकडे घासून चकचकीत केले आणि गंजू नयेत म्हणून खोबरेल तेलाचा हात फिरवला. हळदकुंकू लावलं. झेंडूची माळ घातली. फार सुंदर दिसत होते. मी स्वतःवर खूश होते.

हे परड्यातून म्हणाले, "कसला वास येतोय गं?"

मी म्हटलं, "काय नाय, पाणी तापतंय."

दसऱ्याला आपण हत्याराला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास, आणि तासाभरात ती पांढरी मारुती अंगणात आली. त्या माणसाला पुण्याला जायचं होतं, शॉकअपमधून तेल गळत होतं. पुढचं तुला माहीत आहे. मी चुलीपाशी होते. मी फक्त आवाज ऐकला. स्प्रिंगेवरची लोखंडी टोपी उडून चिंचेच्या खोडावर आपटल्याचा आवाज. आणि त्याच्या आधी, हिरा, त्याच्या जरासं आधी तू "दाजी" म्हणून ओरडलास तो.

रबर कशासाठी असतं ते मला नंतर कळलं. हे पनवेलला दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला त्याचा मेकॅनिक भाऊ आला होता, त्यानं सांगितलं. स्प्रिंगेचे वेटोळे तिरके असतात. तेलकट, उघडा आकडा त्यावरून सरकत जातो. समोरासमोर लावलेले दोन आकडे सरकून एका बाजूला आले की स्प्रिंग कमरेत वाकते आणि उडते. तो म्हणाला, "रबर बांदाय पायजे हुतं. पोराला तेवडं पन कळलं नाय?" मी तिथं उभी होते. हातात मोसंब्याची पिशवी होती. मला चक्कर आली आणि सगळे म्हणाले, बिचारी, नवऱ्याचं बघून आली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ह्यांनी तुला खाटेसमोर बोलावलं. "तुज्या हाताला वळण नाय. परत माज्या अंगणात पाय ठेवू नको." तू मान खाली घातलीस. मी दाराच्या चौकटीत उभी होते. एकच वाक्य बोलायचं होतं, की पट्ट्या मी जाळल्या. ते माझ्या तोंडात आलं होतं, अगदी दातांपर्यंत. तू माझ्याकडे बघितलंस आणि चपला घालून निघालास. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडते आहे. मी तोंड बंद धरून ठेवलं होतं.

का, ते पण सांगते. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पदरात मूल नाही. सासूबाई होत्या तेव्हा. त्या रोज कुणाच्या तरी दुसऱ्या लग्नाची गोष्ट सांगायच्या. मी म्हटलं, मूल तर नाहीच दिलं, वर डोळाही मीच घेतला असं कळलं तर मला या घरात कोण ठेवील? मला आईकडे परत जायचं नव्हतं. त्यापेक्षा तू जावास हे मला चाललं. इतकं सरळ आहे ते. मला वाटलं, भाऊ आहे, पुरुष आहे, कुठंही पोट भरेल. तू पोट भरतोस, पण हात खिशात घालून. ते मला बुधाजीनं सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

तुझ्या हातून काही झालं नाही, हिरा. ते माझ्या हातून झालं. हे वाक्य पुन्हा वाच.

या सोमवारी खंडेनवमी आहे. तीन वर्षं मी तीच हत्यारं घासते, त्याच आकड्यांना कुंकू लावते. यंदा माझा हात उचलणार नाही. पूजा मांडायच्या आधी मी ह्यांना सांगणार आहे. काय होईल ते होवो. पुढचं पत्र भिवपुरीहून आलं तर समजून जा.

इंदू


लोधिवली
१४ ऑक्टोबर १९८९

हिरा,

वरचा पत्ता बघितलास ना? अजून इथंच आहे. पण नीट बसून वाच.

नवमीला सकाळी गोणपाटावर हत्यारं काढली. हे आकडे हातात घेऊन त्यांचं रबर सोडवत होते. हल्ली ते काम माझ्यावर टाकत नाहीत, पट्ट्या सोडतात आणि पूजा झाली की स्वतःच्या हातानं पुन्हा बांधतात. मी म्हटलं, "अहो, मला काय तरी सांगायचंय."

"हळद संपली का?"

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर उठले नसते. त्यांनी मान वर केली नाही. आकडा हातात तसाच राहिला.

"कवा जाळलीस?"

"त्या नवमीला. पाण्याच्या चुलीत."

"वास आलेला मला," म्हणाले. मग हात धुतले. हाताला काही लागलं नव्हतं तरी साबण लावून धुतले. शर्ट घातला आणि हायवेच्या बाजूला निघून गेले. पूजा मी एकटीनं मांडली. कुंकू लावताना हातोडीच्या दांड्यावर सगळं सांडलं.

त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. जेवायचे, ताट उचलून ठेवायचे. ओरडले असते, मारलं असतं तरी मला हलकं वाटलं असतं. दसऱ्याला हे सोनं घेऊन आले, ते शेजारच्या येसूबाईला दिलं, मला दिलं नाही. तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. गुरुवारी मी लुगडी एका गाठोड्यात बांधली.

काल खालच्या शेतात कापणी होती. मजुरं जेवायला गेली, मी एकटीच पेंढ्या बांधत होते. हे बांधावरून आले आणि काही न बोलता दुसऱ्या टोकाला बसून पेंढ्या बांधायला लागले. अंतर समजत नाही ना, तर बंध पेंढीच्या पुढं टाकत होते. मी सवयीनं "मागं" म्हटलं. त्यांनी मागं घेतला. मग म्हणाले,

"गाठोडं कशाला बांदलंस?"

"तुमी सांगायच्या आदी निघावं म्हणून."

ते विळा घेऊन बांधावर बसले. बराच वेळ धारेवरून अंगठा फिरवत होते.

"हिरानं इचारलं हुतं," म्हणाले.

मला कळलं नाही. मी म्हटलं, काय विचारलं होतं?

"त्या सकाळी. आकडं हातात घेतलं आन म्हनला, दाजी, रबर कुटं गेलं? मी म्हनलं, नसूदे, लाव तसंच. त्यो म्हनला, तेल लागलंय याला, सरकंल. थांबा, ट्यूबची पट्टी कापतो, पाच मिन्टं. गिऱ्हाईक घड्याळ बगत उबं हुतं. त्याच्यासमोर माजा मेवना मला शिकवतोय. मी म्हनलं, फिटर तू का मी?"

"मग?"

"मग काय. लावलं तसंच त्यानं."

मी हातातली पेंढी खाली ठेवली.

"नट सोडताना पन म्हनला, दाजी, त्वांड मागं घ्या. नाय घेतलं." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "खाटंवर पडल्या पडल्या मला वाटायचं, आता ह्यो सगळ्यांना सांगंल. कोंडाजीनंच बिनरबराचं लावाय सांगितलं म्हनून सांगंल. म्हनून मी आदीच त्याला हाकलला. समोर उबा राह्यला तवा वाटलं, आता बोलतोय. बोलला असता तर बरं झालं असतं गं. नाय बोलला. चपला घातल्या आन गेला."

तेव्हा मला तुझ्या कार्डाचा अर्थ लागला. दाजींना काय पण इचारू नको. मला वाटलं होतं तू लाजेनं लिहिलंस. तू त्यांना झाकत होतास, माझ्यापासून. मी मला झाकत होते, त्यांच्यापासून. आणि ते स्वतःला झाकत होते, अख्ख्या गावापासून. डोळा घालवायला तिघं लागलो आणि तुला घालवायलाही तिघं लागलो, त्यात तू पण आहेस.

मला इतका राग आला की मी पेंढी उचलून त्यांच्या अंगावर फेकली. लग्नाला अकरा वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. दाणे त्यांच्या केसात अडकले. मी म्हटलं, "तीन वर्षं तुमी मला रडताना बगितलंत. एकदा पन तोंड उगडलं नाय?"

"तू तरी कुटं उगडलंस?" म्हणाले. रागानं नाही, नुसतं म्हणाले. मग आम्ही दोघंही तिथंच बसलो. मजुरं परत आली तेव्हा त्यांतली धाऊची आई म्हणाली, काय झालं, कुणी गेलं काय? हे म्हणाले, "नाय. कोन तरी यायचं ऱ्हायलंय."

म्हणून मला वाटलं आता सोपं आहे. घरी येताना मी म्हटलं, महिनाअखेरच्या मंगळवारी भाऊबीज आहे, तुमच्या नावानं चार ओळी लिहिते, हिराला बोलवा. ते वाटेत थांबले.

"मी त्याला बोलवनार नाय," म्हणाले आणि पुढं चालायला लागले.

गाठोडं मी सोडलं आहे. ह्यांनी जायला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण हे वाक्य तुला कसं लिहावं याचा काल रात्रभर विचार केला. शेवटी जसं आहे तसं लिहिलं. आता या घरात लपवायचं काही शिल्लक ठेवायचं नाही असं मी ठरवलं आहे. मी तुझी माफी मागते. त्यांची त्यांना मागता येत नसेल तर मी काय करू?

इंदू


कर्जत स्टेशन
३० ऑक्टोबर १९८९

हिरा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उद्या दार वाजवायच्या आधी दाराखालून आत सरकवीन. समोरासमोर बोलायची वेळ आली की माझं तोंड बंद होतं, हे तुला आता माहीत झालंच आहे. म्हणून लिहून आणते.

बाकावर बसून लिहिते आहे. आमची गाडी यायची आहे. आत्ता फलाटावर दुसरी एक गाडी उभी आहे, घाट चढायला तिला मागून इंजिन जोडताहेत. तुझे दाजी चहा आणायला गेले आहेत. दोन कप घेऊन येतील, त्यातला दीड पोचेल.

काय झालं ते सांगते. परवा दुपारी जेवून हे परड्यात गेले आणि जुनी ट्यूब काढून कात्रीनं पट्ट्या कापायला लागले. कात्री दोनदा चुकली. मी "अलीकडं" म्हणणार होते, पण गप्प राहिले. चार पट्ट्या कापल्या, आकड्यांच्या चारी तोंडांना गुंडाळल्या, वरून तार आवळली. मी म्हटलं, दिवाळीत कुणाची गाडी आली?

"गाडी नाय."

आकडे पेपरात गुंडाळले आणि पिशवीत घातले. मग म्हणाले, "तुज्या करंज्या झाल्या का? डब्यात भर. सोमवारी निगायचंय."

मी म्हटलं, कुठं?

"मी त्याला अंगनातनं हाकलला. आता चिट्टी धाडून बोलवू? बोलवला तर येईल त्यो, मी वळकतो त्याला. येईल, खाली मान घालून जेवंल आन जाईल. मला तसा नको." पिशवीचे बंद ओढत म्हणाले, "मला सोलापूर दिसंल ना गं? नवीन जागा हाय."

मी म्हटलं, दिसेल. मी आहे ना पुढं-मागं सांगायला.

हिरा, डोळा गेल्यापासून हा माणूस चौकच्या पुढं गेलेला नाही. पायऱ्यांची त्यांना भीती वाटते, शेवटची पायरी कळत नाही. आज सकाळी एसटीतून उतरताना त्यांनी माझा खांदा धरला, स्टँडवरच्या सगळ्या लोकांच्या देखत. कोंडाजी फिटरनं. मी सावकाश उतरले.

पिशवीत तबक आहे, निरांजन आहे, सुपारी आहे, करंज्या आहेत. तुझ्याकडे पाट नसेल, गोदामातलं पोतं चालेल. आकड्यांचं काय करायचं ते ह्यांनी मला सांगितलेलं नाही. मला वाटतं ते तुला द्यायचे आहेत. दिले तर हात खिशातून बाहेर काढ आणि घे. रबर आधी बघ. तूच बघ, आमचा दोघांचा भरवसा धरू नकोस.

एक मागणं आहे. हे वाचून दार उघडशील तेव्हा पुढं तुझे दाजी असतील, मी मागं. तू सवयीनं खाली बघशील. बघू नकोस. तू गेलास तेव्हा त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती, पट्टीखाली काय आहे ते तू अजून बघितलेलं नाहीस. त्यांच्या तोंडाकडे बघ, नीट बघ, आणि त्या दिवशी खाटेसमोर जे बोलायचं राहिलं ते त्यांना बोल. ते ऐकायलाच येताहेत.

चहा आला. एक कप जवळजवळ भरलेला आहे.

तुम्हा दोघांचं बोलून होईपर्यंत मी तबक धरून थांबते.

इंदू